मुळासकट

सिंधुदुर्ग म्हटलं की बाहेरच्या माणसाला समुद्र आठवतो. वैभववाडी तालुक्याला समुद्र नाही. आमच्या पाठीशी सह्याद्री उभा आहे आणि करूळ व भुईबावडा हे दोन घाट त्याच्या अंगावरून कोल्हापूरकडे चढतात. घाटमाथ्यावर गगनबावड्याला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. खाली आमच्याकडे त्याहून कमी, पण जून लागला की व्हाळ आणि मळे एकच होऊन जातात. पूर्वी या दिवसांत घरात ताजं म्हणावं असं फार थोडं असायचं. नारळी पौर्णिमेपर्यंत कोणी होडी पाण्यात घालत नसे. आता सरकारचीही १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. आगोटीला भरून ठेवलेला सुका बांगडा, सुकट, कुळीथ, आमसुलं आणि खारातले आंबे यांवर दोन महिने काढायचे. परड्यात टाकळा, कुरडू, अळू. आणि आर्द्रा नक्षत्र लागलं की डोंगरात अळंबी.

ती ओळखायची कशी, काढायची कशी आणि रांधायची कशी, हे आमच्या भागात बायकांनी बायकांना शिकवलं. मला सासूबाईंनी शिकवलं. त्या शिकवणुकीमागचा इतिहास लिहून ठेवावा असं फार दिवस मनात होतं, कारण लोक अळंबी आवडीने खातात अजून, पण ती ओळखण्याची जुनी रीत झपाट्याने सुटत चालली आहे. आणि रीत सोडून अळंबी खाणं जिवावर बेतू शकतं.

माझं माहेर घाटावरचं, गगनबावड्याच्या बाजूचं. १९७६ साली लग्न होऊन मी घाट उतरले आणि पुढे इथल्याच जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवत राहिले. माहेरी अळंबी खाल्लेली होती, पण ती दुसऱ्या कोणी काढून, निवडून आणलेली. डोंगरात पहिल्यांदा गेले ती सासूबाईंच्या मागून. डोक्यावर इरलं, हातात चिव्याची टोक काढलेली काठी. अळंबीला लोखंड लावायचं नाही, हा त्यांचा नेम होता. त्या दिवशी आम्ही एकही अळंबी काढली नाही. ऐनाच्या झाडांखाली एक जुनं वारूळ होतं, जमिनीवर जेमतेम हातभर दिसणारं. त्याच्या भोवतीची पानं त्यांनी काठीने हळूच सारली, ओली माती बोटांनी दाबून पाहिली आणि म्हणाल्या, “हय येतली. आठ दिसांनी ये.”

हा पहिला धडा. अळंबी दाखवण्याआधी त्यांनी मला जागा दाखवली. त्यांच्या डोक्यात आमच्या डोंगराचा एक नकाशा होता आणि त्यावर फक्त वारुळं होती. कोणत्या वारुळाला आर्द्रेत येतं, कोणत्याला पुनर्वसूत, कोणतं पुष्याच्या पावसाशिवाय उघडत नाही, कोणतं एक वर्षाआड येतं, हे त्यांना सांगता येई. हा नकाशा त्यांना त्यांच्या सासूकडून मिळालेला होता. शेजारणीला अळंबीचा वाटा जायचा, जागा जायची नाही. “खंय गावली ता कोणाक सांगा नको,” एवढं एकच बंधन त्यांनी माझ्यावर घातलं.

दुसरा धडा मुळाचा. अळंबी उपटायची नाही, तोडायची नाही. काठीने भोवतालची माती सैल करत खाली जायचं आणि देठ जिथपर्यंत जातो तिथपर्यंत जायचं. वारुळाच्या अळंबीचा देठ जमिनीच्या वर असतो वीतभर, पण जमिनीखाली त्याचं निमुळतं, चिवट मूळ कधी हातभरही खाली उतरतं. “मूळ गावला नाय, तर ती अळंबी आपली न्हय,” हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं आहे की आजही माती उकरताना ते आपोआप कानात येतं. टोपी कितीही ओळखीची दिसो, मूळ खाली वारुळाकडे गेलं नाही तर ती टोपलीत पडत नसे. शेणावरच्या, कुजक्या लाकडावरच्या, वाटेकडेच्या सगळ्या कुत्र्याच्या छत्र्या. त्यांतल्या काही खाण्याजोग्या असतीलही, पण त्यांची चौकशी करायची नाही. आमच्या घरात एकच जात खाल्ली जाई, ओळखीच्या जागेवरची, ओळखीच्या आठवड्यातली, मुळासकट काढलेली.

ही रीत किती शहाणपणाची होती हे मला पुढे पुस्तकं वाचताना कळत गेलं. वारुळाची अळंबी ही वाळवीच्या शेतातलं पीक आहे. वाळवी पालापाचोळा आणि लाकूड खाते, पण तिला ते स्वतःला नीट पचत नाही. कामकरी वाळव्या तो चावलेला पाला वारुळाच्या पोटातल्या कोनाड्यांत आणून टाकतात आणि त्याची सच्छिद्र पोळी रचतात. त्या पोळीवर एक विशिष्ट बुरशी वाढते. ती लाकडाचा कठीण भाग मऊ करते आणि तिच्यावर धरणारे पांढरे, खसखशीएवढे गोळे वाळवी खाते. बुरशीलाही वारुळाबाहेर थारा नाही. पाऊस मुरून वारुळात ओल पोचली की त्या पोळीतून कोंब निघतो आणि माती भेदत वर येतो. टोपीच्या मधोमध असलेला टोकदार, कठीण उंचवटा हा माती फोडण्यासाठीच असतो. आणि सासूबाई ज्या मुळाचा शेवट शोधत ते मूळ त्या पोळीपर्यंत पोचलेलं असतं. या बुरशीची शेती वाळवीने सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेच्या जंगलात सुरू केली असं आज शास्त्रज्ञ मानतात. माणसाची शेती दहा-बारा हजार वर्षांची.

वाळवी आणि अळंबी यांचं हे नातं पाश्चात्त्य विद्येत पहिल्यांदा नोंदवलं गेलं ते आपल्याच देशात. योहान गेरहार्ड कोनिग हा लिनियसचा शिष्य. तो १७६८ साली तरंगंबाडीच्या डॅनिश वसाहतीत वैद्य म्हणून आला. तंजावरच्या मुलखात त्याने वारुळं उकरून पाहिली आणि १७७९ साली पांढऱ्या मुंग्यांवर जर्मन भाषेत निबंध छापला. त्यात वारुळातल्या बुरशीची हकीगत आहे. त्यावेळी तंजावरात मराठी राजे गादीवर होते. पुढे श्रीलंकेतून गेलेल्या नमुन्यांवरून इंग्लंडच्या बर्कली यांनी या अळंब्यांना नावं दिली. १९०६ मध्ये टॉम पेच यांनी श्रीलंकेतच वारुळातल्या बुरशींचा बारकाईने अभ्यास प्रसिद्ध केला. १९४२ साली पॅरिसच्या रोजे हाइम यांनी या सगळ्यांचं वेगळं कुळ मानून त्याला टर्मिटोमायसीस हे नाव दिलं. आणि १९७९ मध्ये मद्रासच्या के. नटराजन यांनी दक्षिण भारतातल्या एका पांढऱ्या जातीला हाइम यांचंच नाव दिलं: टर्मिटोमायसीस हाइमी.

आपल्याकडची जुनी पुस्तकं उघडली तर आणखी एक गोष्ट दिसते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, अन्नपानाच्या ४६व्या अध्यायात, छत्र्यांची विभागणी त्या कशावर उगवतात यावरून केली आहे: पेंढ्यावरच्या, उसावरच्या, शेणावरच्या, वेळूवरच्या आणि मातीतल्या. प्रत्येकीचा गुण निराळा सांगितला आहे. रंगरूपाच्या आधी वैद्याने जागा विचारली. चरकाने सर्पच्छत्रक तेवढं बाजूला काढलं आणि उरलेल्या जाती गोड, थंड, पचायला जड आणि पडसं आणणाऱ्या ठरवल्या. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात मात्र लसूण-कांद्याबरोबर छत्र्याही द्विजांना वर्ज्य केल्या आहेत. ग्रंथ आणि चूल यांची वाट इथे वेगळी झाली. आमच्याकडे काही माळकरी घरांत अळंबी आजही शिजत नाही, कारण तिला मटणाचा मान आहे. आणि बाकीच्या घरांत श्रावणात मटण बंद झालं की तोच मान तिच्या उपयोगी पडतो. सासूबाईंनी सुश्रुत ऐकलेला नव्हता, पण जागेवरून ओळख करण्याची त्यांची पद्धत त्याच कुळातली होती. पडसं झालेल्या पोराला त्या अळंबी वाढत नसत, हेही चरकाला पटलं असतं.

वारुळाला आमच्या जिल्ह्यात देवपण आहे. दक्षिणेकडे वेंगुर्ले, सावंतवाडी आणि पुढे गोव्यापर्यंत सातेरीची देवळं आहेत, आणि सातेरीचं मूळ रूप वारूळ. वेंगुर्ल्याची ग्रामदेवता सातेरीच. कित्येक गाभाऱ्यांत मातीचं वारूळ हीच मूर्ती, तिच्यावर मुखवटा चढवलेला. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’मध्ये वारूळ हे भूमीच्या गर्भाशयाचं प्रतीक कसं झालं याचा माग काढला आहे. आमच्या वैभववाडीकडे नागपंचमीला वारुळाला दूध-लाह्या वाहतात, त्या दिवशी नांगर धरत नाहीत, विळी चालवत नाहीत. वारुळात नाग राहतो ही भीती खरीही आहे, कारण सोडलेल्या वारुळात साप शिरतातच. या भक्तीचा आणि भीतीचा मिळून एक परिणाम झाला: शेत वाढवताना माणसाने बांध सरकवला, झाड तोडलं, पण वारूळ पाडायला त्याचा हात सहजी उठला नाही. पिढ्यान् पिढ्या एकाच जागी अळंबी मिळत राहिली ती यामुळे.

काढण्यालाही नियम होते. एका वारुळाची सगळी अळंबी काढायची नाही. कळ्या आणि अर्धवट उमललेल्या घ्यायच्या. पूर्ण उघडून छत्रीसारख्या पसरलेल्या चार-पाच तरी तिथेच ठेवायच्या. त्या जागेच्या राखणदाराच्या. मुळं काढताना झालेले खड्डे पुन्हा माती लोटून बुजवायचे, वर पाला घालायचा. राखणदाराचा वाटा म्हणून मी हे निमूट पाळलं, आणि त्याचं कारण मला बऱ्याच वर्षांनी वाचनात सापडलं. जूनच्या पहिल्या पावसात वारुळांतून पंखांची वाळवी उडते, जोड्या जमतात आणि जमिनीत नवं घर करतात. बहुतेक जातींच्या या नव्या घरांत बुरशी नसते. पहिल्या कामकरी वाळव्या मोठ्या होऊन बाहेर पडतात तेव्हा त्यांना पालापाचोळ्यावरून बुरशीचं बी शोधून आणावं लागतं, आणि ते बी उघडलेल्या अळंबीतूनच पडलेलं असतं. सगळी अळंबी टोपलीत गेली तर नव्या वारुळाला बियाणं कुठून मिळणार? राखणदाराच्या त्या चार-पाच छत्र्यांवर पुढच्या पिढीची वारुळं उभी होती.

आता रांधण्याविषयी, कारण ओळखीची शेवटची पायरी चुलीपाशी असते. अळंबी घरी आली की ओटीवर सुपात पसरायची आणि एकेक हातात घ्यायची. इथे दुसऱ्यांदा तपासणी होई, उजेडात, घाई न करता. टोपीला मधे टोक आहे ना, खालच्या पात्या देठाला न चिकटता सुटलेल्या आहेत ना, मूळ शाबूत आहे ना, देठाच्या बुडाला वाटी किंवा पिशवी नाही ना. मूळ तुटून आलेली अळंबी इथे वगळली जाई, मग ती कितीही मोठी असो. किडलेलीही बाजूला. अळंबी टिकत नाही. सकाळची संध्याकाळपर्यंत काळवंडते आणि तिच्यात अळ्या होतात. म्हणून ज्या दिवशी काढली त्याच दिवशी शिजवायची.

मातीचं मूळ छाटून टाकायचं, देठाची साल खरवडायची, दोन-तीन पाण्यांतून हलक्या हाताने काढायची. भिजत घालायची नाही. पाणी पिऊन ती बेचव होते. देठ आडाळ्यावर चिरायचे, टोप्या मात्र हाताने उभ्या फाडायच्या. फाडलेली कड मसाला धरते. कढईत गोडं तेल, ठेचलेली लसूण चांगली तांबूस होऊ द्यायची, मग उभा चिरलेला कांदा. कांदा मऊ पडला की देठ, आणि ते जरा परतले की टोप्या. पाण्याचा थेंब घालायचा नाही. थोड्याच वेळात अळंबीला तिचं स्वतःचं पाणी सुटतं आणि कढईत करडा, चकचकीत रस जमतो. घरभर वास पसरतो तो याच रसाचा. त्या रसात ती झाकणाखाली शिजू द्यायची. रस निम्मा आटला की हळद, मालवणी मसाला, मीठ, आणि पाट्यावर वाटलेलं ओलं खोबरं, धणे व दोन मिऱ्यांचं वाटप. शेवटी दोन आमसुलं. अळंबीचं हे सुकं आणि तांदळाची गरम भाकरी. घरात माणसं जास्त आणि अळंबी कमी असली की वाटप वाढवून रस्सा करायचा. अळंबीचा तुकडा ज्याच्या वाट्याला न येई त्याच्याही भातावर तिची चव येई. पोरांसाठी सासूबाई एक-दोन उघड्या टोप्या मीठ-मिरची लावून सागाच्या पानात गुंडाळत आणि निखाऱ्यात खुपसत. पान काळं पडलं की काढायचं. आत शिजलेली टोपी मांसासारखी चिवट आणि कडेला खरपूस लागे.

अळंबीचा बाजार आमच्याकडे फार जुना नाही. आधी ती वाटायची वस्तू होती: माहेरी पाठवायची, बाळंतिणीच्या घरी सोडून बाकी आळीत द्यायची, डॉक्टरांच्या घरी न्यायची. मी ती विकायला निघालेली पाहिली ती १९८२च्या पावसाळ्यात. माझे सासरे परळच्या गिरणीत होते. १८ जानेवारीला संप सुरू झाला आणि जून येईपर्यंत तालुक्यातल्या वाडीवाडीत मुंबईचे कामगार घरी परतलेले होते. मनीऑर्डर थांबली. खाणारी तोंडं वाढली. त्या वर्षी सासूबाईंनी टोपलीचे दोन भाग केले. एक घरात, दुसरा मोठ्या नणंदेबरोबर बाजारात. पानावर मांडलेला वाटा, त्याचा भाव, घासाघीस. आल्यावर त्यांनी पैसे देव्हाऱ्यात ठेवले आणि त्या रात्री जेवताना त्या काही बोलल्या नाहीत. पण पुढच्या खेपेलाही त्यांनी राखणदाराचा वाटा सोडला आणि मुळाशिवायची अळंबी बाजाराच्या टोपलीतही घातली नाही. दुसऱ्याच्या घरात शिजणार असली तरी नियम तोच, हे त्यांनी कष्टाच्या वर्षातही पाळलं. माझ्या दृष्टीने त्यांची थोरवी यात आहे.

मग मुलूख बदलत गेला. १९९८च्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि वैभववाडी रोड स्थानकावर गाड्या थांबू लागल्या. तळेऱ्याच्या तिठ्यावर महामार्गाच्या कडेला अळंबीचे वाटे दिसू लागले; मोटारी थांबून ती नेऊ लागल्या. गोव्यात तर रोयण अळमी, म्हणजे वारुळाचीच अळंबी, शेकड्यावर विकली जातात आणि हंगामात त्यांचा भाव ऐकून थक्क व्हायला होतं. गोव्याचे कवकशास्त्रज्ञ डॉ. नंदकुमार कामत हे वारुळं ओरबाडू नका म्हणून तिथे वर्षानुवर्षं लोकांना सांगत आले आहेत. बाईला चार पैसे मिळतात याचा मला आनंदच आहे. पण भाव वाढला तसे डोंगरात नवे हात आले. त्यांना जागेचा नकाशा नाही, आठवड्याचा अंदाज नाही, आणि मूळ उकरायला वेळ नाही. दिसेल ते उपटायचं. राखणदाराचा वाटा पहिल्याच वर्षी संपला.

दुसरीकडे वारुळंच कमी होत गेली. घाटावरच्या साखर कारखान्यामुळे आमच्याकडे उसाचे मळे वाढले, काजूच्या बागा झाल्या. उतार जेसीबीने सपाट होतात आणि एका सकाळीत दहा वारुळं जातात. उरलेल्या वाळवीवर क्लोरपायरीफॉस ओतलं जातं. शेतकऱ्याचं नुकसान मला कळतं, घराच्या वाशांना लागलेली वाळवी मीही काढते. पण डोंगरातली वाळवी पालापाचोळ्याची माती करते, तिच्या बिळांतून पावसाचं पाणी खाली मुरतं. रस्त्यांच्या बाबतीतही तेच. २०२४च्या जानेवारीत करूळ घाट रुंदीकरण आणि काँक्रीटसाठी बंद झाला, तेव्हा घाट उतरून येणारी वाहतूक भुईबावड्याकडून वळली. रस्ता हवाच होता. पण रस्त्याच्या कडेची कोणती जमीन राखायची याचा विचार करताना वारुळाचं नाव कोणी काढत नाही.

आणि आता फोन. माझे जुने विद्यार्थी मुंबई-पुण्याहून छायाचित्र पाठवतात: “बाई, ही खायची आहे का?” छायाचित्रात वरून दिसणारी पांढरी टोपी असते. मूळ नाही, जागा नाही, आठवडा नाही. मी प्रत्येकाला एकच उत्तर देते: खाऊ नका. हे उत्तर मी का देते ते नीट सांगायला हवं. अमानिटा नावाच्या कुळात काही पांढऱ्या, देखण्या, वासाला बऱ्या छत्र्या आहेत ज्यांच्यात यकृत मारणारं विष असतं. त्यांच्या देठाला वर कडं असतं आणि बुडाला पिशवी असते. पण पिशवी मातीत असते. छत्री वरून तोडली की ती तिथेच राहते आणि हातात येते ती निरुपद्रवी दिसणारी पांढरी टोपी. सासूबाईंचा मुळाचा नियम नेमका इथे जीव वाचवतो. दुसरी एक मोठी, पांढरी, तपकिरी खवल्यांची छत्री शेणखताच्या आणि गवताच्या जागी येते, क्लोरोफायलम तिचं नाव. तिच्या पात्या जून झाल्या की हिरवट पडतात. ती खाल्ली की दोन-तीन तासांत जोराच्या उलट्या-जुलाब होतात.

अमानिटाचं विष याहून वाईट, कारण ते उशिरा बोलतं. जेवल्यावर सहा ते चोवीस तास काहीच होत नाही. मग उलट्या, पोटात कळा, जुलाब. दुसऱ्या दिवशी माणसाला बरं वाटतं, घरचे निर्धास्त होतात, आणि त्याच वेळी यकृत आतून निकामी होत असतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. हे विष शिजवून जात नाही, उकळून पाणी फेकून जात नाही, वाळवून जात नाही. चांदीचं नाणं काळं पडतं का, लसूण निळी होते का, तांदळाचा रंग बदलतो का, किडे खातात का, या सगळ्या परीक्षा खोट्या आहेत. अळंबी खाल्ल्यावर त्रास सुरू झाला तर उरलेली भाजी, निवडलेली साल, मुळं, जे काही असेल ते पिशवीत घालून त्याच घटकेला दवाखाना गाठायचा. बरं वाटलं तरी परत फिरायचं नाही.

शाळेत शिकवत असताना मी मुलांना एक प्रयोग करायला लावायची. अर्धा पांढरा, अर्धा काळा कागद घ्यायचा, त्यावर उमललेली टोपी पात्या खाली करून ठेवायची आणि वर वाटी झाकायची. सकाळी वाटी उचलली की कागदावर पात्यांची बारीक, चक्राकार छाप उमटलेली. वारुळाच्या अळंबीची छाप फिकट गुलाबी, अमानिटाची पांढरी, म्हणून काळ्या अर्ध्या भागावरच नीट दिसणारी, क्लोरोफायलमची हिरवट. मुलं श्वास रोखून बघायची. कुठली छत्री कुठे सापडली तेही त्याच कागदावर लिहायचं, नाहीतर छाप अर्धीच. आणि हेही मी दर वेळी बजावायची की ही छाप ओळखीला मदत करते, खाण्याचा परवाना देत नाही.

या नोंदीचं मोल आमच्याच जिल्ह्यातल्या एका माणसाने फार आधी ओळखलं होतं. शंकर पुरुषोत्तम आघारकर १८८४ साली मालवणला जन्मले, वनस्पतिशास्त्रज्ञ झाले आणि १९४६ साली पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी राहिली तेव्हा तिचे पहिले संचालक झाले. आज त्यांच्या नावाच्या त्या संस्थेत कवकशास्त्रज्ञ आजरेकरांच्या नावाने बुरशींचा संग्रह आहे. वाळवलेला प्रत्येक नमुना कुठून, केव्हा आणला याच्या चिठ्ठीसकट तिथे जपला आहे. जागा आणि दिवस लिहिल्याशिवाय नमुन्याला किंमत नाही, हा तिथला नियम. घराघरांतल्या बायकांनी हाच नियम डोक्यात सांभाळला होता.

ज्यांना अळंबीची चव हवी आहे त्यांना आज धिंगरी, म्हणजे लागवडीची अळंबी, मिळते. १९८३ साली सोलनला अळंबीचं राष्ट्रीय संशोधन केंद्र निघालं, तेव्हापासून ही शेती देशभर पसरली. भाताच्या पेंढ्यावर ती घरात घेता येते आणि कोकणातल्या बचत गटांना तो चांगला धंदा आहे. जाणकाराचा हात हाताशी नसेल त्याने तीच खावी, असं मी मनापासून सांगते. वारुळाची अळंबी मात्र व्यापारासाठी अजून कोणालाच पिकवता आलेली नाही. तिचं शेत वाळवीकडेच आहे. ते शेत राहिलं तर अळंबी राहील.

म्हणून माझं मागणं साधं आहे. २००२च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला लोकजैवविविधता नोंदवही ठेवायला सांगितलं आहे. तिच्यात झाडं, पक्षी, भाताची वाणं लिहिली जातात, वारुळंही लिहावीत. नेमकी जागा बाहेर जाहीर करू नये, पण गावाच्या दप्तरी ती असावी, म्हणजे उतार सपाट करायला यंत्र येईल तेव्हा ग्रामसभेला हाताशी कागद असेल. नोंदी सांगायला साठीपलीकडच्या बायकांना बसवावं आणि लिहायला शाळेतल्या मुलांना. ही रीत जाणणाऱ्या बायकांपैकी बऱ्याच जणी आज आमच्यात नाहीत आणि ज्या आहेत त्यांना डोंगर चढवत नाही. माझ्या सुनेला मी आमची वारुळं दाखवली आहेत. ती कणकवलीला नोकरी करते, आर्द्रेच्या रविवारी घरी येते, मुळापर्यंत माती उकरते आणि राखणदाराचा वाटा सोडते. सासूबाईंचं बंधन मोडून त्या जागा मी आता ग्रामपंचायतीच्या वहीतही लिहून देणार आहे. जागा लपवून वारूळ वाचायचं ते दिवस गेले. आता ते गावाने मिळून राखलं तरच वाचेल.